हरल्यावर चूक कोणाची?

प्रश्न : ताई, गेली दोन वर्षं तुम्ही या पानावर गेमविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देताय. पण तुमचे स्वतःचे आवडते गेम कोणते, ते कधी क्रमाने सांगितलं नाहीत. आमच्या होस्टेलवर यावरून रोज वाद होतो. एकदा नंबर लावून सांगाच. आणि तो नंबर का दिला, तेही सांगा.
– एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : पत्र आलं त्याच रात्री वहीत नावं लिहायला बसले. बावीस झाली. मग तीन आठवडे खोडत राहिले. माझा कॉम्प्युटर क्लास सुटल्यावर, स्वयंपाक करताना, एकदा तर फैजपूर-भुसावळ एसटीत उभ्याउभ्या. शेवटी आठ उरली.

नंबर लावायला मी एकच कसोटी धरली. या गेममध्ये मी हरले तेव्हा चूक कोणाची होती? काही गेममध्ये आपण मरतो आणि त्याच क्षणी कळतं की उडी अर्धा सेकंद लवकर मारली. मग हात आपोआप पुन्हा सुरू करण्याच्या बटणाकडे जातो. काही गेममध्ये मात्र मरणं कुठून आलं तेच कळत नाही, फसवल्यासारखं वाटतं. पहिल्या जातीचे गेम मी तीस वर्षं खेळतेय. दुसऱ्या जातीचे मी कितीही सुंदर असले तरी आठवड्यात सोडले.

पहिला नंबर टेट्रिसचा.

आमचं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं. वडील, म्हणजे अण्णा, यार्डात पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांची लाइन बदलणारे, होते. १९९६ च्या दत्तजयंतीला मामा आम्हा भावंडांना सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन गेले. मामाचं गाव शहाद्याकडचं. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार वेगळा व्हायला अजून दोन वर्षं होती. तापीच्या काठाला घोड्यांचा बाजार भरला होता आणि भाऊला घोड्यांसमोरून हलायचं नव्हतं. मी खेळण्यांच्या एका दुकानापुढे अडून बसले. तिथं मूठभर आकाराचा राखाडी ब्रिक गेम होता. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं. घरी आल्यावर कळलं की त्यात जीव लावण्यासारखा खेळ एकच आहे. वरून विटांचे आकार पडतात, ते फिरवून नीट रचायचे, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. याला टेट्रिस म्हणतात हे मला पुढे आठ-नऊ वर्षांनी समजलं.

सातही आकारांना आमच्या घरी नावं होती. उभा लांब तो रूळ. चौकोनी ती लादी. हॉकी आणि उलटी हॉकी, साप आणि उलटा साप, आणि मधोमध टोक असलेली खुंटी. ही नावं अण्णांनी ठेवली. नाइट ड्यूटी करून ते सकाळी घरी यायचे, चहा बशीत ओतून घ्यायचे आणि तो निवेपर्यंत एक डाव खेळायचे. भाऊ खेळताना ओरडायचा, “रूळच येत नाही!” अण्णा म्हणायचे, “गाडी कशी येईन ते आपल्या हातात नाही. कोन्त्या लाइनीत घ्यायची ते आपल्या हातात.” यार्डात रात्रभर त्यांचं तेच काम होतं. आलेल्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, सोडवायच्या, ज्या गावच्या त्या गावच्या रेकला लावायच्या.

टेट्रिसमध्ये पुढचा आकार कोणता येणार हे नशिबावर असतं, म्हणून माझ्या कसोटीला तो उतरत नाही, असं तुमच्यापैकी कोणी म्हणेल. मी या प्रश्नावर खूप डोकं लावलं आहे. रूळ हवा होता तेव्हा आला नाही, हे खरं. पण एका रुळावाचून सगळं अडावं असा खोल खड्डा कडेला कोणी सोडला होता? मीच. वीस आकार आधी. माझ्या माहितीतला हा एकच गेम आहे, ज्यात आपल्या जुन्या चुका स्क्रीनवरून जात नाहीत. भोकं तशीच दिसत राहतात आणि पुढचं सगळं त्यांच्या वर रचावं लागतं.

हा गेम १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी केला. ते सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात कामाला होते. त्यांच्याकडच्या इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्रावर चित्रं काढायची सोय नव्हती, फक्त अक्षरं उमटायची. म्हणून त्यांनी कंस एकाला एक लावून चौकोन उभे केले. मैदान दहा चौकोन रुंद, वीस उंच. तेवढंच आमच्या यात्रेतल्या ब्रिक गेममध्ये होतं आणि आजच्या मोबाइलवरही तेवढंच आहे. चाळीस वर्षांत त्यात भर घालण्यासारखं फार काही कोणाला सापडलेलं नाही.

अण्णा २०१९ साली गेले. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलानं टेट्रिसच्या १९८९ सालच्या निन्टेंडो आवृत्तीत १५७ वी पातळी गाठली आणि तिथे गेमच गोठला. आकार इतक्या वेगानं पडतात की २९ व्या पातळीपुढे माणूस जाऊच शकत नाही, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. गेमला त्या टोकापर्यंत नेणारा तो पहिला माणूस. त्याच महिन्यात त्याचे वडील वारले होते आणि ती खेळी त्यानं वडिलांच्या नावे केली. ही बातमी वाचली तेव्हा मी कपाटातून अण्णांचा ब्रिक गेम काढला आणि नवे सेल घातले. डावीकडच्या दोन रांगा आता उमटत नाहीत. तिथं काय आहे ते मनात धरून खेळावं लागतं. तशी मी त्या दिवशी अर्धा तास खेळले.

दुसरा सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५ चा. आमच्या क्वार्टरच्या लाइनीत एकाच घरी टीव्ही गेम होता आणि त्या घरच्या मुलाचा हुकूम चालायचा. मेलात की रिमोट पुढच्याला. दहा-बारा मुलं जमिनीवर आणि कोणालाही इंग्रजी येत नव्हतं. तरी पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना सगळं समजलं, ते कसं, याचं मला आजही नवल वाटतं. गेम सुरू होतो तेव्हा मारिओ डाव्या बाजूला उभा आणि उजवीकडे सगळं मोकळं. म्हणजे तिकडेच जायचं. समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. त्याला शिवलं की मरण, त्याच्या डोक्यावर उडी मारली की तो चिरडतो. वर प्रश्नचिन्हाचा चमकता ठोकळा. त्याला खालून डोकं लागलं की मशरूम बाहेर येतो, सरकत जातो, पाइपावर आपटतो आणि उलटा आपल्याकडेच येतो. भीतीनं उडी मारली तरी वरच्या विटांना डोकं आपटून बहुधा त्याच्यावरच पडायला होतं. मारिओ मोठा होतो आणि मुलाला कळतं, हा चांगला आहे. हा गेम करणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुद्दाम तसं मांडलं होतं. मी क्लासमध्ये एक्सेल शिकवताना आजही हाच धडा वापरते. आधी सांगत नाही, करू देते.

हा अख्खा गेम, आठ जगं, बत्तीस टप्पे, फक्त ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत असे पन्नास मारिओ मावतील. जागा वाचवायला त्यातले ढग आणि झुडपं एकाच आकृतीची केली आहेत, फक्त रंग वेगळा. हे कळल्यावर मी मुद्दाम गेम लावून पाहिला, आणि लहानपणी तासन्‌तास बघूनही ते दिसलं नव्हतं, याचा आनंदच झाला.

पहिला किल्ला सर केला त्या दिवशी आम्ही एवढे ओरडलो की शेजारची कॉलेजात जाणारी ताई धावत आली. स्क्रीनवरची इंग्रजी ओळ तिनं वाचून सांगितली: राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. खोलीत एकदम शांतता.

मग दुसरा नंबर का? चौथ्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यामुळे. तिथं वरची वाट धरायची की खालची, याची काही खूण नाही. चुकलात की तोच रस्ता पुन्हा पुन्हा येत राहतो. सातव्या आणि आठव्या जगाच्या किल्ल्यांतही तेच. एवढा प्रामाणिक गेम तिथं आपल्याला अंधारात ढकलतो, आणि तिथं चूक खेळणाऱ्याची नाही असं माझं ठाम मत आहे.

तिसरा स्टारड्यू व्हॅली. लग्न होऊन यावल तालुक्यात आले आणि केळीच्या घरात पडले, म्हणून हा इतका वर आला असेल. २०१६ साली आलेला हा गेम एरिक बॅरोन या एकाच माणसानं साडेचार वर्षं खपून केला. प्रोग्रॅम, चित्रं, संगीत, सगळं त्याचं. आजोबांची पडीक शेती आपल्याकडे येते. सुरुवातीला पार्सनिप नावाच्या पांढऱ्या कंदाचं पंधरा बी मिळतं. रोज सकाळी सहाला उठायचं, पाणी घालायचं. ऋतू २८ दिवसांचा. ऋतू उलटला की त्या ऋतूचं पीक वाळून जातं, म्हणजे हिशोब चुकला तर चूक आपली.

आबा, माझे सासरे, संध्याकाळी माझ्या मागे खुर्ची टाकून बघत बसायचे. “पाणी टाकलं का आज?” एवढंच विचारायचे. पुढे या गेममध्ये केळीचं झाड आलं आणि मी हौसेनं त्यांना बोलावलं. अठ्ठावीस दिवसांत झाड तयार होतं म्हटल्यावर त्यांनी चष्मा नीट केला. “आपल्याकडं अकरा महिने लागतात.” मग विचारलं, “पिलं कुठायत? घड कुठाय?” पिलं म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब. झाडावर एका वेळी जास्तीत जास्त तीनच केळी लागतात हे मी दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वावधन येत नाही का यात?”

वीज पडते त्यात. ती झेलायला लोखंडी दांडाही लावता येतो. पण मे-जूनच्या एका दुपारी वादळी वारा, आमच्याकडचं वावधन, सुटतो आणि कापणीला आलेली बाग दहा मिनिटांत आडवी होते, तसं त्यात काही नाही. आमची एका वर्षी तशी झाली होती. त्या रात्री आबा बांधावर बसून होते आणि आम्ही कोणी त्यांना घरात चला म्हणू शकलो नाही. चूक कोणाचीच नव्हती. गेममध्ये अशी हार ठेवली तर तो कोणी खेळणार नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून या गेमचा नंबर माझ्या मनात तिसऱ्याच्या वर गेला नाही.

चौथा प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९ चा, जॉर्डन मेकनर यांनी केलेला. बारावीनंतर कॉम्प्युटर क्लास लावला, तिथल्या एका जुन्या मशीनवर तो होता. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं आणि ती खरीखुरी, घड्याळातली. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल काढली. म्हणून तो राजपुत्र पळताना वजनदार वाटतो, थांबताना दोन पावलं घसरतो. काठावरून पडलात तर ती दोन पावलं तुम्ही मोजली नव्हती. त्यात एक सावली आहे, आरशातून बाहेर पडलेली, आपलीच. यंत्राच्या मेमरीत नवा शत्रू काढायला जागा उरली नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच आकृतीवर करामत करून ती बनवली. शेवटी ती तलवार घेऊन समोर येते. तिला वार केला की रक्त आपलंच कमी होतं. मी तीन दिवस तिथं मरत होते. चौथ्या दिवशी वैतागून तलवार म्यान केली, तर सावलीनंही केली. दोघं एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले. क्लासमध्ये मी एकटीच मुलगी होते त्या वेळी, आणि सगळे माझ्या मशीनभोवती जमले होते.

पाचवा कॉन्ट्रा, दोघांनी मिळून गोळ्या झाडत पुढे जायचा, भाऊमुळे. धबधब्याच्या टप्प्यात एक जण वर चढला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. भाऊ कधी थांबला नाही. तो आता सुरतेला असतो, राखीला आला की आम्ही अजून खेळतो आणि तो अजून थांबत नाही. त्यात तीस जीव देणारा वर-वर-खाली-खाली असा बटणांचा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी ग्रॅडियस या गेमसाठी केला होता. तपासताना तो गेम त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता म्हणून.

सहावा मुस्तफा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, पण ते नाव आमच्याकडे कोणीही घेतलं नाही. स्टेशनाबाहेरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुलींनी जायची रीत नव्हती. भाऊ येऊन पाय वर करून दाखवायचा, मुस्तफा लाथ कशी मारतो ते. मी स्वतः तो खेळले वयाच्या एकतिसाव्या वर्षी, क्लासच्या कॉम्प्युटरवर. सहावा नंबर त्या उशिराचाही आहे.

सातवा राजी, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. धाकट्या भावाला राक्षस पळवून नेतात आणि बहीण त्याला शोधायला निघते. देवळांच्या भिंती, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. आपल्याकडच्या गेममध्ये आपले दगडी खांब बघून माझा ऊर भरून आला. आठवा नोकियातला साप. १९९७ साली ६११० मॉडेलवर तानेली अर्मांतो यांनी आणलेला. त्यात हरलात तर भिंतीला किंवा स्वतःच्याच शेपटीला धडकून हरता. माझ्या कसोटीला इतका चोख उतरणारा दुसरा नाही, पण तासाभरानंतर त्याच्याकडे द्यायला नवीन काही उरत नाही.

होस्टेलवर कोणीतरी आयजीआय या बंदुकीच्या गेमचं नाव काढेल. तो मी खूप खेळले. पण मोहीम अर्ध्यात असताना त्यात सेव्ह करता येत नाही, आणि मी तो खेळले ती वर्षं बारा-बारा तासांच्या भारनियमनाची. गेम भला होता. आमच्या गावाला झेपला नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. दिवसभर बीजीएमआय. हाक मारली तर “मॅच चालू आहे, थांब” म्हणतो आणि रोज ताट गार होतं. हा गेम वाईट आहे का?
– एक आई, शिरपूर

उत्तर : ताई, गेम म्हणून वाईट नाही. शंभर जण एका बेटावर उतरतात, खेळायचं वर्तुळ लहान होत जातं, शेवटी एक जण किंवा एक टोळी उरते. पबजी मोबाइलवर आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, त्यानंतर २०२१ मध्ये या नावानं तो परत आला. तुमचा मुलगा खोटं बोलत नाही हे आधी लक्षात घ्या. एक मॅच पंचवीस-तीस मिनिटं चालू शकते आणि ती मध्ये थांबवता येत नाही. तो उठला तर त्याचे तीन सोबती अडचणीत येतात. म्हणून “पाच मिनिटांत ये” हे त्याला पाळताच येत नाही. मिनिटांऐवजी मॅच मोजा. शाळेच्या दिवशी एक, रविवारी तीन, असं दोघांनी मिळून ठरवा. जेवणाआधी पाऊण तास नवी मॅच सुरू करायची नाही. माझ्या क्लासमधल्या दोन घरांत हे जमलं आहे. आणि तुमचं बँकेचं काही त्या फोनला जोडलेलं असेल तर आजच काढा. पैसे तिथं कपड्यांवर आणि बंदुकीच्या रंगांवर जातात.

प्रश्न : चाळीस वर्षं शिकवलं. आमच्या वेळी विटीदांडू होता. व्हिडिओ गेमला क्रमवारी लावण्याएवढं त्यात आहे तरी काय?
– निवृत्त शिक्षक, चोपडा

उत्तर : सर, विटीदांडूत झेल गेला की टप्पा पडला यावरून तुमची भांडणं झालीच असतील. चूक कोणाची, हे ठरवण्यातच अर्धी दुपार जायची. मी वर जे लिहिलं ते तेच भांडण आहे. कधी फैजपूरला आलात तर क्लासमध्ये या. मी तुम्हाला टेट्रिस लावून देईन, पंधरा मिनिटं खेळा आणि मग माझ्याशी वाद घाला. चहा माझ्याकडे.

प्रश्न : माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, बदकं मारायच्या बंदुकीसकट. नव्या एलईडी टीव्हीला जोडला. मारिओ चालतो, पण बंदुकीनं एकही बदक पडत नाही. बंदूक बिघडली का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : बहुतेक बंदूक चांगली आहे. तिच्यातून काही सुटत नाही, तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा आहे. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर पूर्ण काळी होते आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, की नेम लागला. काळोख आधी तपासतात म्हणून बल्बकडे रोखून बदक मारता येत नाही. आम्ही करून पाहिलं होतं. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर हे सगळं त्याच क्षणी घडायचं. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतः नीट करतो आणि मग दाखवतो. तेवढ्या उशिरानं बंदुकीचा हिशोब चुकतो. शिवाय जुन्या टीव्हीचा उजेड ज्या लयीत लुकलुकायचा, ती लय नव्या स्क्रीनला नाही, आणि तो डोळा तिच्याचसाठी बनवलेला आहे.

माळ्यावर गेम सापडला, तर टीव्हीही तिथंच कुठंतरी असेल. भंगारात देऊ नका. जोडताना टीव्ही आधी अर्धा तास नुसता मोकळ्या हवेत ठेवा, धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, पण मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद असला तरी आत वीज साठून राहते. मग आठ फुटांवर बसा आणि खोलीतला दिवा घालवा.